मागचं ऐका!

प्रश्न : माझी नात टेक्सासला हायस्कूलमध्ये आहे. तिथल्या ‘इनडोअर पर्कशन’मध्ये, म्हणजे जिममध्ये वाजवणाऱ्या तालवाद्यांच्या पथकात, ती झायलोफोन वाजवते. व्हिडिओ पाहिला. ही समोर उभी, मागे ड्रम कमरेशी लावलेली मुलं पळतायत, ताल द्यायला कुणी नाही. तरी ताल चुकत कसा नाही? आणि शाळा हे सगळं जमवते कशी?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, तुमचा पहिला प्रश्न मला जास्त आवडला, म्हणून आधी तिथेच रेंगाळतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ड्रमवाली मुलं, म्हणजे ‘बॅटरी’, नातीच्या वीस मीटर मागे असली तर त्यांचा ठोका तिच्यापर्यंत यायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. तिने मागे बघून, काठी पडताना वाजवलं, तर प्रेक्षकांना तिचा सूर आधी आणि ड्रम नंतर ऐकू येईल. म्हणून तिला सांगतात : बघू नकोस, मागचं ऐक. मागून आलेल्या आवाजावर तिने वाजवलं की दोन्ही मिळून पुढे जातात. सरावात मेट्रोनोमचा स्पीकरही सगळ्यांच्या मागे ठेवतात, तो याचसाठी. बॅटरीची लय सहसा मधल्या स्नेअर ड्रमवाल्याकडे. आपल्या ढोल-ताशा पथकात ताशाकडे कान असतो, तसंच काहीसं.

आता जमवाजमव. हे खूळ मोठं झालं ते डब्ल्यूजीआय या संस्थेमुळे. ती १९७७ साली निघाली झेंडे फिरवणाऱ्या पथकांसाठी; तालवाद्यं आली १९९०च्या दशकात. अंतिम फेरी एप्रिलमध्ये, ओहायोतल्या डेटनला. म्हणजे सराव ऐन हिवाळ्यात, आणि नेमका तोच बास्केटबॉलचा हंगाम! जिम एकच. त्यामुळे शहाणा संगीतशिक्षक मरिंबाची (झायलोफोनच्या मोठ्या भावंडाची) किंमत विचारण्याआधी बास्केटबॉलच्या कोचशी आणि जिमची किल्ली सांभाळणाऱ्याशी दोस्ती करतो.

मग ती रंगवलेली विनाइलची प्रचंड ताडपत्री, जिच्यावर मुलं नाचतात. ती अंथरणं, गुंडाळणं, वाद्यं ट्रकमध्ये चढवणं हे बहुतेक पालकांच्या अंगावर पडतं. स्पर्धेत घड्याळ आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत चालू असतं, उशीर झाला की गुण कापले जातात. त्यामुळे पालकांचीही रंगीत तालीम होते.

नवख्या शाळा ‘ए’ या सोप्या गटातून सुरुवात करतात. तिथे माझ्या मते एकच चूक महागात पडते : व्हिडिओ पाहून सर्वांत वरच्या ‘वर्ल्ड’ गटातल्यासारखं अवघड संगीत बसवायला घेणं. चार महिने मुलं सुरांमागे धावतात आणि चालायचं शिकायचं राहून जातं.

पुढच्या फोनवर नातीला एक नक्की विचारा : कानात बोळे घालतेस ना? बंद जिममध्ये आवाज शंभर डेसिबलवर सहज जातो, आणि अमेरिकेतले आरोग्यतज्ज्ञ तेवढ्या आवाजात दिवसाला पंधराच मिनिटं ठीक मानतात. तिचा सराव तासन्‌तास चालतो.