आत्मसंरक्षण : कराटे आणि इतर विद्या

शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून कराटेची प्रात्यक्षिके आता नित्याची झाली आहेत. शुभ्र पोशाखातील मुलगी एका फटक्यात कौलांची चळत फोडते, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि आपली कन्या आता निर्धास्त झाली, अशी पालकांची समजूत होते. परंतु कौल स्थिर असते; ते मनगट धरत नाही की केस ओढत नाही. म्हणूनच आत्मसंरक्षणासाठी कराटे कितपत उपयोगी पडते, हे इतर विद्यांशी तुलना करून पाहणे इष्ट ठरेल.

कराटेचा उगम ओकिनावा बेटावरचा. तेथील मूळच्या हस्तयुद्धावर चिनी विद्येचा संस्कार होऊन ही कला घडली. गिचिन फुनाकोशी या शिक्षकाने १९२२ साली टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखविले आणि तेथून ती जपानभर पसरली. 'चिनी हात' अशा अर्थाने लिहिले जाणारे तिचे नाव पुढे 'रिक्त हात' अशा अर्थाने लिहिले जाऊ लागले. मूठ, तळहाताची कड, कोपर, गुडघा आणि पाय ही तिची शस्त्रे. प्रतिस्पर्धी हातभर अंतरावर असताना ती विशेष प्रभावी ठरतात. कोरियाच्या तायक्वांदोमध्ये पायाला याहूनही अधिक महत्त्व आहे.

ज्यूदोची गोष्ट वेगळी आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. जुन्या जुजुत्सूचा अभ्यास करून त्यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिरात कोदोकान ही संस्था काढली. ठोसे, लाथा व इतर घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि फेकणे, दाबून धरणे, सांधा वा गळा आवळणे एवढेच ठेवले. वरवर पाहता विद्या सौम्य झाली. प्रत्यक्षात मात्र उरलेले डाव रोजच्या रोज, पूर्ण ताकदीनिशी, विरोध करणाऱ्या जोडीदारावर करून पाहता येऊ लागले. याउलट जो प्रहार जीवघेणा म्हणून शिकविला जातो, तो सरावात कधीच पुरता मारता येत नाही. बहुतेक कराटे-वर्गांत तो हवेत किंवा अंगाला लागण्यापूर्वी थांबवूनच मारला जातो. तंत्राच्या भेदाहून सरावाचा हा भेद मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या तांबड्या मातीतील कुस्तीलाही हाच न्याय लागू आहे. आखाड्यातील जोड कधीच आपणहून पडत नाही. धोबीपछाड आणि ज्यूदोतील खांद्यावरून फेकण्याचा डाव यांतील साम्य तर कोणाच्याही ध्यानात येईल. आपले मर्दानी खेळ चपळता व धैर्य वाढवितात. मात्र पट्टा किंवा बोथाटी घेऊन कोणी बसथांब्यावर उभे राहत नाही.

हल्लेखोर अनेकदा प्रथम धरतो, ओढतो किंवा भिंतीशी रेटतो. अंतर संपले की उंच लाथेला जागाच उरत नाही. तेथे पकड सोडविणे, तोल सांभाळणे आणि पडल्यास डोके न आपटू देता पडणे कामी येते. पडण्याचे हे शिक्षण ज्यूदोत पहिल्या दिवसापासून मिळते. निसरड्या न्हाणीघरातही ते उपयोगी पडावे! कराटेचा लाभ याच्या अगोदरच्या क्षणी आहे : सावध उभे राहणे, खणखणीत आरोळी, एक नेमका प्रहार आणि पळण्यास वाट. त्यातही उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारल्यास स्वतःच्याच हाताचे हाड मोडण्याचा संभव असतो. तळहाताच्या टाचेचा फटका नवशिक्यास अधिक सुरक्षित.

मुलींनी ही विद्या शिकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी या जपानी शिक्षकास शांतिनिकेतनात बोलावले, तेव्हा तेथील मुलीही ज्यूदो शिकल्या.

कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली असून तिच्या ३४ ते ४४ या कलमांत खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास मात्र कलम ३७ मुभा देत नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याचा पाठलाग करून त्याला बडविणे संरक्षणात मोडेलच असे नाही.

दहा दिवसांच्या शिबिरात कोणतीच विद्या आत्मसात होत नाही. तेवढ्या अवधीत मनगट व गळ्याची पकड सोडविणे, पडणे, ओरडणे आणि पळणे एवढेच पक्के करून घेतले तर ते पुष्कळ झाले. कायमच्या वर्गात पाल्यास घालण्यापूर्वी पालकांनी एक तास तेथे बसून पाहावे. भिंतीवरची पदके किंवा पट्ट्यांचे रंग न पाहता, जोडीदार खरोखर विरोध करतो की ठरल्याप्रमाणे पडतो, तेवढे पाहावे.