न्यासाचा पैसा आणि संशोधनाचे काम



विज्ञानाला लागणारा बहुतेक पैसा सरकारकडून आणि उद्योगांकडून येतो. धर्मादाय न्यासांचा वाटा त्या मानाने लहान असतो, पण तो वेगळ्या वेळी येतो. सरकारी खात्याला कामाची गरज आधी पटवून द्यावी लागते आणि उद्योगाला परतावा दिसावा लागतो. या दोहोंच्या आधीचा काळ, म्हणजे कल्पना खरी ठरेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसते तो काळ, न्यासाच्या पैशावर निभावतो.

भारतात टाटा न्यासांनी याची सुरुवात माणसांना मदत करण्यापासून केली. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी स्थापन केला. त्याच्या सुरुवातीच्या लाभार्थींत डॉक्टर झालेल्या स्त्रिया होत्या आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर त्यांपैकी एक. पुढे १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने न्यास केला आणि त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश रक्ताच्या कर्करोगावर जगात कुठेही चालणाऱ्या संशोधनासाठी राखले. उरलेला एक पंचमांश भारतातील संशोधनासाठी होता. परतंत्र देशातल्या एका कुटुंबाने आपल्या दुःखातून साऱ्या जगाच्या संशोधकांसाठी पैसा बाजूला काढावा, ही गोष्ट मोठी आहे आणि तिची आठवण फार कमी ठेवली जाते.

माणसांनंतर संस्था आल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा न्यासाने उभारले. त्याच न्यासाचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची एक संस्था काढावी, म्हणजे अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा लागणारे तज्ज्ञ देशातच तयार असतील, असे त्यांचे म्हणणे होते. अणुशक्तीवर वीज करणारे केंद्र तेव्हा जगात कुठेच नव्हते. तरीही विश्वस्तांनी होकार दिला आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू होऊन त्याच वर्षी मुंबईत आली. रुग्णालय आणि संस्था, दोन्हींचा मोठा भार पुढे सरकारने उचलला. न्यासाने सुरू करावे आणि सरकारने चालवावे, हा क्रम त्यानंतर वारंवार दिसतो. पुण्यात १९५२ साली अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर विषाणू संशोधन केंद्र काढले. १९५७ साली कर्नाटकातील शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा क्यासनूर जंगलतापाचा विषाणू याच केंद्राने शोधला. काही वर्षांनी फाउंडेशन बाजूला झाले, पण परिषदेने काम थांबू दिले नाही. १९७८ पासून त्या केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे आहे.

आरोग्यातील नवनिर्मितीत न्यासाचा पैसा नेमके काय करतो, हे समजून घ्यायला पुण्याचीच एक लस उत्तम आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांच्या वर दगावले. यातल्या बहुतेकांच्या आजाराला ‘ए’ गटाचा जिवाणू कारण होता. त्याविरुद्ध चांगली लस करणे शास्त्रीयदृष्ट्या शक्य होते, पण गिऱ्हाईक गरीब असल्याने मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. २००१ साली गेट्स फाउंडेशनने ‘पाथ’ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रकल्पाला सात कोटी डॉलर दिले. त्या देशांतील आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगून ठेवले होते की, एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त पडत असेल तर लस त्यांच्या कामाची नाही. म्हणून किंमत आधी ठरली आणि ती पाळू शकणारा उत्पादक नंतर शोधला गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतले तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले, चाचण्या आफ्रिकेत आणि भारतात झाल्या आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून लसीकरण सुरू झाले. जिथे जिथे ही मोहीम पोहोचली, तिथून ‘ए’ गटाचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला. न्यासाच्या पैशाने इथे तोट्याची भीती स्वतःकडे घेतली आणि त्याच्या बदल्यात किमतीची अट घातली. अट नसती तर लस झाली असती, पण ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापर्यंत ती पोहोचली असती असे वाटत नाही.

गडचिरोलीत पैसा याहून कितीतरी कमी होता आणि प्रयोगशाळाही नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचे वजन केले, जंतुसंसर्ग ओळखला आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शनही दिले. नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मॅकआर्थर आणि फोर्ड या फाउंडेशनांनी या कामाला मदत केली होती. इंजेक्शन गावातल्या बाईच्या हाती द्यायला तेव्हा कुठलीही सरकारी योजना धजावली नसती. २०११ पासून मात्र घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभर गावोगावच्या ‘आशा’ स्वयंसेविका करू लागल्या.

आजच्या तरुण संशोधकाला या साऱ्याचा सर्वांत थेट लाभ फेलोशिपमधून होतो. वेलकम ट्रस्ट आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००८ साली इंडिया अलायन्स ही संस्था सुरू केली आणि सुरुवातीला तिच्या खर्चाचा भार निम्मानिम्मा उचलला. तिच्या पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये संशोधकाचा पगारही येतो. पाच वर्षे पगाराची चिंता नसणे, हे कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाचे आहे, कारण एवढ्या अवधीत फसलेला प्रयोग टाकून नवा सुरू करता येतो.

अर्ज करताना नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे न्यासाच्या आवडीप्रमाणे प्रश्न वाकवणे. त्याने आधी स्वतःचा प्रश्न पक्का करावा आणि मग न्यासपत्र व मागील काही वर्षांची अनुदाने वाचून जुळणारा न्यास शोधावा. प्रश्न असे वाकवले गेले की श्रीमंत न्यासांच्या आवडीनिवडींनी संशोधनाची दिशा ठरते, ही टीका खरी आहे. काही रोगांकडे पैसा धावतो आणि सर्पदंशासारखे गरिबांचे दुखणे दीर्घकाळ मागे राहते.

अनुदान मंजूर झाल्यावरही करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. निष्कर्ष कुणाच्याही परवानगीवाचून प्रसिद्ध करता यायला हवेत, विशेषतः ते देणाऱ्याला नकोसे असतील तेव्हा. माहिती खुली ठेवण्याची अट असेल तर तिचे स्वागतच करावे. वेलकम ट्रस्टने मानवी जनुकसंचाच्या कामात हाच आग्रह धरला, म्हणून ती माहिती आज कुणालाही वापरता येते. पैसा परदेशातून येणार असेल, तर संस्थेकडे परदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी आहे ना, हे संस्थेच्या लेखा विभागात स्वतः जाऊन विचारावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासनावर त्यातील वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. दोन संस्थांनी मिळून करायच्या प्रकल्पात ही बाब प्रस्ताव लिहितानाच सोडवावी लागते.