मंडळात जा, पण घटना वाचून

सांगली

चि. सौ. सायली हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, शेजारच्या काकू महिला मंडळाचा अर्ज ठेवून गेल्यात, पण मला त्या भिशी-किटीत काडीचा रस नाही." आणखीही आक्षेप सांगितलेस; तेवढ्यात तुझी कसली तरी मीटिंग सुरू झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. बरंच झालं. मला जे सांगायचंय ते फोनवर धड सांगता आलं नसतं आणि तूही नुसतं 'हं, हं' करत स्क्रीनकडे बघत राहिली असतीस.

तर माझं म्हणणं असं की अर्ज भर. तुझे निम्मे आक्षेप खरे आहेत, तरीही भर.

आधी गप्पाटप्पांचं बघू. हो, उखाळ्यापाखाळ्या होतात. साड्यांवर बोलणं होतं, सुनांवर जरा जास्तच. तुमच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी काय वेदान्त चालायचा? हा मुद्दा इथेच सोडते.

तुझा दुसरा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. मैत्रिणी आहेत की मला, म्हणतेस. आहेत, आणि त्या असू देत. पण त्या सगळ्या तुझ्याच वयाच्या, तुझ्याएवढ्याच शिकलेल्या, तुझ्याच पगाराच्या आसपासच्या. शिवाय पुण्यात. तुझं पोर रात्री तापलं तर त्यांची पोरंही तेवढीच, त्यांनाही तुझ्याइतकंच कळतं. मंडळात मैत्रिणी मिळतील म्हणून जाऊ नकोस. मिळाल्या तर मिळाल्या. तिथे भेटतात त्या तू आपणहून कधीही निवडल्या नसत्यास अशा बायका. निवृत्त मुख्याध्यापिका असते, घरी ब्लाउज शिवणारी असते, कोर्टात जाणारी वकील असते आणि गावातला प्रत्येक प्लंबर जिला नावानिशी माहीत अशी एक आजी तर हमखास असते. नव्या गावात माणूस रुजतं ते अशा ओळखींवर. त्यात घरून काम करणाऱ्या बाईला गाव दिसतच नाही. नाशकात राहायला लागल्यापासून, पार्सल आणणारा मुलगा सोडून तुला नावानं हाक मारणारं कोण कोण आहे, एकदा आठवून बघ.

अशा ओळखी कामी कशा येतात ते सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. त्या दिवसांत आमच्या मंडळाकडे होती ती फक्त सदस्यांची एक वही. कोण गावभागात राहतं, कोण विश्रामबागेत, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कुणाला जिना चढवत नाही. वही ठेवली होती कोजागिरीला दूध किती आणायचं आणि सहलीला कुणाला खालचं बर्थ द्यायचं यासाठी. पाणी चढायला लागल्यावर सचिवबाईंनी तीच वही उघडून फोन लावायला सुरुवात केली. विनंती वगैरे काही नाही, सरळ हुकूम. "तुम्ही अंधार पडायच्या आत विश्रामबागेत अमक्यांकडे जायचं, त्यांची मागची खोली रिकामी आहे. इन्सुलिन बर्फात ठेवून न्या. कागदपत्रांची पिशवी विसरू नका." ज्या दोघींचं मंडळात कधी पटलं नाही, त्या पुराच्या आठवड्यात एका स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. पुढेही त्यांचं पटलं नाही, तो भाग वेगळा.

पण मला विचारशील तर मंडळाचा सगळ्यात मोठा फायदा निराळाच आहे आणि तो तुमच्या पिढीच्या लक्षात येत नाही. तिथे बाईला चारचौघींत काम चालवायची सवय होते. तू म्हणशील, मी दिवसाला चार मीटिंगा घेते. घेतेस, पण तिथे कुणीतरी साहेब असतो आणि महिनाअखेरीला पगार असतो. मंडळात कुणी कुणाला पगार देत नाही आणि कुणाला काढूनही टाकता येत नाही. पटवून द्यावं लागतं. विषयपत्रिकेवर पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. ऐकायला किती रटाळ! आमच्याकडे एकदा याच विषयावर पाऊण तास गेला, कारण हॉलचं भाडं वाढवून द्यायचं 'ठरले' की त्यावर नुसती 'चर्चा झाली', हे कुणी नीट लिहिलंच नव्हतं. त्या पाऊण तासात सगळ्याजणी जे शिकल्या ते कुठल्या व्याख्यानात शिकल्या नसत्या.

आमच्यातल्या एका काकूंना मंडळानं आग्रहानं खजिनदार केलं. तोवर बँकेचं सगळं काम काका बघायचे; काकू सही करायच्या, तीही काकांनी पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी. पहिल्या वर्षी व्हाउचर, पावतीपुस्तक, पासबुकातल्या नोंदी यांनी काकू रडकुंडीला आल्या. हिशेबात वीस रुपये कमी पडले तर घरचे घालून मोकळ्या व्हायच्या. शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी त्यांना दटावलं, की असं करायचं नाही, चूक शोधायची. पुढे काका गेले. वारसाची नोंद, मुदत ठेवी, पेन्शन, सगळं काकूंनी एकटीनं निस्तरलं. मुलगा परदेशातून आला तेव्हा त्याच्यापुढे त्यांनी फाइल ठेवली, कागद क्रमवार लावलेले.

बायकांनी असं सभांतून शिकणं आजचं नाही. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे तिथे जायला लागल्या तेव्हा माधवरावांसारखा नवरा पाठीशी असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती बोल लावले, ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये लिहून ठेवलंय. पंडिता रमाबाई तर वर्षभरात, १८८३ला, इंग्लंडला निघून गेल्या. समाज मात्र चालू राहिला. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी याच रमाबाई रानडे होत्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. मधल्या काळात घर, सभा, टोमणे, पुन्हा सभा असंच चाललं असणार. इतिहासाच्या पुस्तकात परिषदेची ओळ येते, रोजच्या सभांची येत नाही.

आता तुझा तिसरा आक्षेप, की ठरावीक सदस्य, सूचक-अनुमोदक लागणार, म्हणजे हा श्रीमंत बायकांचा बंद दाराआडचा खेळ. इथे मी तुझ्या बाजूला थोडी आहे. संख्या मर्यादित असण्यात फायदा आहे. पन्नास-साठ बायकांत प्रत्येकीला बोलायची पाळी येते, कुणी दोनदा गैरहजर राहिली तर विचारपूस होते. पाचशेच्या गर्दीत नुसते फोटो निघतात. पण दार बंद ठेवताना बाहेर कोण राहतं हे बघायचं असतं. आमच्या यादीतली आडनावं वाचलीस तर ती अजून गावातल्या चार गल्ल्यांपलीकडे फारशी जात नाहीत. मला ते खुपतं आणि मी दर वार्षिक सभेत ते बोलते. काहीजणी मी उठले की घड्याळ बघतात.

हळदीकुंकवाचंही तसंच. नवरा गेलेल्या सदस्या त्या दिवशी आपणहून 'बरं नाही' म्हणायच्या आणि सगळ्या ते ऐकून घ्यायच्या. २०२२मध्ये इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते कात्रण आमच्या एका सदस्येनं सभेत वाचलं. कडाक्याचा वाद झाला. अखेर ठरलं की वाण आणि कुंकू सगळ्यांना, ज्यांना नको असेल त्यांनी नको म्हणावं, वगळायचं कुणी कुणाला नाही. दोघी मंडळ सोडून गेल्या. त्या संक्रांतीला जिला पहिलं कुंकू लावलं तिचे हात इतके थरथरत होते की तिळगुळाची वाटीच कलंडली. घरात हा विषय काढायची आमच्यापैकी किती जणींची हिंमत होती? मंडळात तो आधी बोलून झाला, म्हणून मग घरी काढता आला. तुझ्या मंडळाला हे पहिल्याच महिन्यात विचार. उत्तरावरून तुला सगळं कळेल.

भिशीबद्दल तुझं नाक मुरडणं मला फारसं पटत नाही, पण सावध राहिलीस तर चांगलंच. साधा हिशेब आहे. बाराजणी, दरमहा २,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला २४,०००. पहिल्याच महिन्यात तुझी निघाली तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटी निघाली तर बिनव्याजी बचत. फायदा पैशाचा नाही, बायका त्या निमित्तानं जमतात एवढाच. म्हणून जी रक्कम बुडाली तरी झोप उडणार नाही तेवढ्याचीच भिशी लाव. बोलीच्या भिशीत, म्हणजे जी जास्त तोटा सोसेल तिला आधी रक्कम, अजिबात पडू नकोस. आणि भिशीचे पैसे मंडळाच्या खात्यातून फिरत असतील तर तिथून परत फीर.

वर्गणी भरण्याआधी एवढं कर. मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, मागून वाच. मंडळ नोंदलेलं आहे का ते विचार. आपल्याकडे अशा संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सातजणांनी मिळून नोंदवायच्या असतात आणि धर्मादाय कार्यालयाकडे १९५०च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. मग दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज द्यावा लागतो. नोंदणी नसलेलं मंडळ वाईटच असतं असं नाही. दहाजणी जमून पुस्तकं वाचत असतील तर कशाला हवी नोंदणी? पण हजारात वर्गणी घेत असतील तर मागच्या वर्षीचा जमाखर्च बघायला मागायचा. मागितल्यावर कपाळाला आठी पडली तर समजून जा.

पहिलं वर्षभर कुठलंही पद घेऊ नकोस. तुला एक्सेल येतं म्हटल्यावर सगळं तुझ्या गळ्यात घालतील. त्यापेक्षा मंगळागौरीच्या संघात जा. आषाढातच तालमी लागतात. नऊवारी काचा मारून, गुडघ्याला पट्टा बांधून साठीच्या बायका बसफुगडी घालताना बघशील तेव्हा तुझी पाठदुखीची तक्रार आपोआप बंद होईल. पिंग्याला दम लागतो, पण आगोटा-पागोट्याला लाज सोडावी लागते, ते जास्त अवघड. आणि हो, नव्या सदस्येला उखाणा घ्यायला लावतीलच. घ्यायचा नसेल तर हसून नाही म्हण. घ्यायचाच झाला तर स्वतःच रच. नेटवरून उचललेला तिथे प्रत्येकीनं ऐकलेला असतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. मंडळात काही विकायला जाऊ नकोस. विमा नाही, डबे नाहीत, मैत्रिणीचं क्रीमसुद्धा नाही. कुणी तुला विकायला आली तर एकदा नको म्हण, दुसऱ्यांदा अध्यक्षांना सांग. चांगली मंडळं मी याच एका कारणानं मोडलेली पाहिली आहेत. बायका भांडून जात नाहीत, खरेदी टाळायला यायच्या थांबतात.

निखिलला सांग, महिन्यातल्या दोन दुपारी पोराला बाप म्हणून तो बघेल. मदत म्हणून नव्हे, त्या दोन दुपारी ती त्याचीच पाळी. आधी ठरवून टाक, नाहीतर पहिल्याच सभेत तुझा फोन सात वेळा वाजेल.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. इथल्या शेजाऱ्यांबरोबर भडंग पाठवलंय. शेंगदाणे वेचून खाऊ नकोस, निखिललाही ठेव.

तुझी,
आत्या

ता. क. घटनेची प्रत मिळाली की फोटो काढून पाठव. सदस्यत्व रद्द करण्याचं कलम मला आधी वाचायचंय.