विश्वासांगीकार आणि बायबल : दोन्ही एकच सांगतात का?



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटायला थांबला. नोकरीनिमित्त बाहेरगावी असताना तो दुसऱ्या एका पंथाच्या प्रार्थनासभेला जात असे. तेथे त्याला कोणी विचारले, "तुम्ही लोक दर रविवारी उभे राहून जो विश्वासांगीकार म्हणता, तो बायबलमध्ये कोठे आहे? दाखवा." त्याला दाखवता आले नाही. तेव्हापासून तो मिस्सेत सर्वांबरोबर उभा राहतो, पण ओठ मिटून. शेजारी त्याची आई मोठ्याने म्हणत असते.

आम्ही त्याला सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान ऐकवले. तत्त्व म्हणजे काय, व्यक्ती म्हणजे काय, असे बरेच काही. तो "हो, फादर" म्हणाला आणि निघून गेला. चूक आमची होती. त्याने बायबलविषयी विचारले आणि आम्ही भलतेच उत्तर दिले. त्याच्या परवानगीने हा लेख लिहीत आहोत, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

हा प्रश्न आपल्यात जुना आहे

पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांचा आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून मोठा वाद झाला. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार रमाबाईंना मान्य होईना. त्रैक्याचा सिद्धांत त्यात ज्या शब्दांत मांडला आहे, ते शब्द त्यांना बायबलात सापडेनात. चर्च सांगते एवढ्यावरून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. कॉलेजच्या प्रमुख मिस बील यांनी मात्र त्यांना गप्प न करता धीराने उत्तरे दिली. ही पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत.

रमाबाई कॅथोलिक झाल्या नाहीत, आणि पंथापंथांतील भिंती त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिल्या. पण त्यांनी बायबल सोडले नाही. पुढे ख्रिस्त हाच आपला तारणारा, अशी त्यांची दृढ श्रद्धा झाली. केडगावला राहून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या, १९२४ साली ते छापून पूर्ण झाले. प्रश्न विचारणारा माणूस श्रद्धा सोडतोच असे नाही, हे त्यांच्यावरून आपण शिकावे.

बायबलात विश्वासांगीकार आहेत

पहिली गोष्ट ही की, विश्वासांगीकार म्हणण्याची रीतच मुळी बायबलातली आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात परमेश्वर एकच आहे, ही इस्राएलची घोषणा आहे. त्याच पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेला शेतकरी आपल्या पूर्वजांची मिसरातून कशी सुटका झाली ते ठरलेल्या शब्दांत म्हणतो.

नव्या करारात करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५ उघडा. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे तिसऱ्या व चौथ्या ओवीत आहे. संत पौल म्हणतात, हे मला मिळाले आणि तेच मी तुम्हांला दिले. हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे आहे, म्हणजे आपल्या चारही शुभवर्तमानांपेक्षा जुने. त्यात आलेली ही कबुली त्याहूनही जुनी. तेव्हा नवा करार पूर्ण लिहून होण्यापूर्वीच ख्रिस्तसभा आपली श्रद्धा थोडक्यात म्हणत होती.

एकेक वाक्य ताडून पाहू

आता प्रेषितांचा विश्वासांगीकार घ्या. परमेश्वर निर्माणकर्ता आहे, हे उत्पत्तीच्या पहिल्याच ओवीत आहे. पवित्र आत्म्याच्या योगे कुमारी मरियेपासून जन्म, यासाठी मत्तय अध्याय १ आणि लूक अध्याय १ वाचा. पिलाताचे नाव चारही शुभवर्तमानांत आहे.

पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा सुभेदार होता. पहिल्याच शतकातील एका ग्रीक व्यापारी वर्णनात तगर या बाजारपेठेचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपल्या जिल्ह्यातील तेर, असे अभ्यासक मानतात. आपली श्रद्धा कोणे एके काळच्या कथेवर उभी नाही. तेरचा बाजार भरत होता त्याच शतकात ती घटना घडली. पिलाताचे नाव म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे.

'अधोलोकात उतरला' हे वाक्य मात्र अवघड आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याला आधार आहे : प्रेषितांची कृत्ये अध्याय २ आणि पेत्राचे पहिले पत्र अध्याय ३. पण ते उल्लेख थोडक्यात आहेत, आणि नायसियाच्या विश्वासांगीकारात हे वाक्य नाही. ख्रिस्त खरोखर मेला, आणि मेलेल्यांपर्यंतही त्याचे तारण पोहोचले, असा त्याचा अर्थ ख्रिस्तसभा घेते.

जो शब्द बायबलात नाही

इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची परिषद भरली. आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे. तोही बायबलच पुढे करी. पिता माझ्यापेक्षा थोर आहे, हे प्रभूचे वचन (योहान १४:२८) त्याच्या बाजूचे लोक दाखवत.

त्या परिषदेला हजर असलेल्या अथनेशियस यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, बिशपांना आधी बायबलातलेच शब्द वापरायचे होते. पण प्रत्येक शब्दाला आरियसचे लोक होकार देत आणि अर्थ मात्र आपलाच लावत. 'देवापासून' म्हटले तर ते म्हणत, सर्वच काही देवापासून आहे! शेवटी पुत्र 'तत्त्वाने पित्याशी एक' आहे, असा शब्द घालावा लागला. तो बायबलात नाही, म्हणून कित्येक बिशपांना तो रुचलाही नाही.

मग तो का घेतला? योहानाच्या पहिल्या ओवीत शब्द देव होता असे आहे, आणि विसाव्या अध्यायात थोमा पुनरुत्थित येशूला माझ्या देवा म्हणतो. तो अर्थ निसटू नये म्हणून. शब्द बाहेरचा आहे, अर्थ शास्त्रातला आहे. शेताच्या बांधावर पीक येत नाही, पण बांध नसेल तर मातीच वाहून जाते.

२०२५ साली या परिषदेला १७०० वर्षे झाली. त्या निमित्ताने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी तुर्कस्तानातील इझ्निक येथे, म्हणजे जुन्या नायसियात, इतर ख्रिस्तसभांच्या प्रमुखांसह प्रार्थना केली. वेगळ्या झालेल्या ख्रिस्तसभांनाही तो विश्वासांगीकार आजवर जोडून ठेवतो.

विश्वासांगीकारात काय नाही?

येशू जन्मला आणि लगेच त्याने दुःख सोसले, असे विश्वासांगीकार सांगतो. मधले सर्व कोठे आहे? डोंगरावरील प्रवचन नाही, उधळ्या पुत्राचा दाखला नाही, भुकेल्याला अन्न द्या हे नाही. म्हणून नुसता विश्वासांगीकार पुरत नाही. याकोब आपल्या पत्रात बजावतात की, देव एकच आहे हे भुतेही मानतात.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे ओळखले होते. त्यांनी लोकांना प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तिका कोकणीत लिहून दिली आणि बायबलातील कथा सांगणारे क्रिस्तपुराणही मराठीत रचले. क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली. एक ठेवून दुसरे टाकले नाही. मिस्सेतही हाच क्रम आहे : आधी वाचने, मग प्रवचन, मग विश्वासांगीकार. ऐकलेल्या वचनाला दिलेला तो आपला होकार आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली स्पष्ट केले आहे की, ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, तो त्याच्या सेवेसाठी आहे.

त्या तरुणाला आता आम्ही एवढेच सांगू : बाळा, विश्वासांगीकार बायबलाशी ताडून पाहायला कोणाची मनाई नाही. ताडून पाहा. जेथे अडेल तेथे आमच्याकडे ये, आपण दोघे मिळून वाचू. आणि तोवर आईशेजारी उभा राहा.

घरी करण्यासाठी

या आठवड्यात रोज रात्री रोझरीनंतर विश्वासांगीकारातील एक वाक्य घ्यावे, वर दिलेल्या अध्यायांतून त्याचा आधार शोधावा व घरातील लहानाने तो मोठ्याने वाचावा. जे वाक्य सापडणार नाही ते चिठ्ठीवर लिहून पुढच्या रविवारी आणावे. त्यावर आपण मिस्सेनंतर बोलू.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो.

तुमचे धर्मगुरू