वार्धक्यातील स्मृतिभ्रंश आणि माणसांची सोबत

खेड्यापाड्यांत ज्याची ‘म्हातारचळ’ म्हणून बोळवण केली जाते, तो पुष्कळदा वयाचा स्वाभाविक परिणाम नसून मेंदूचा विकार असतो. वैद्यकशास्त्र त्यास स्मृतिभ्रंश म्हणते. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे दर शंभरांत सात-आठ जणांना, हा विकार आहे. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. विकार समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नसल्याने तो लांबणीवर कसा टाकता येईल, याच विचाराला महत्त्व आले आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे नमूद केली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा यांच्या जोडीला समाजापासून तुटलेपणाही आहे.

स्टॉकहोममध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या १२०३ व्यक्तींवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचा गोतावळा तुटपुंजा होता त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता. मुले वरचेवर भेटतात की नाही, यापेक्षा त्या भेटीतून समाधान लाभते की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरले. एकत्र कुटुंबात राहणारा वृद्ध एकाकी नसतोच, असे गृहीत धरणाऱ्या आपल्या समाजाने हे ध्यानी घ्यावयास हवे.

लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ अभ्यास तर शासकीय सेवकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसून आले की, साठीच्या सुमारास मित्रांना जवळजवळ रोज भेटणाऱ्यांत हा धोका, क्वचित भेटणाऱ्यांच्या मानाने, सुमारे १२ टक्क्यांनी कमी होता. नातेवाइकांच्या भेटींबाबत मात्र असा संबंध आढळला नाही. निवृत्तीबरोबर कचेरीतला स्नेहही संपुष्टात येतो, ही गोष्ट या दृष्टीने चिंतेची आहे.

अर्थात, विकाराच्या आरंभीच माणूस लोकांत मिसळणे टाळू लागतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरविणे सोपे नाही. तथापि संभाषणात स्मरण, अवधान व भाषा या तिन्ही शक्तींना काम पडते, आणि अशा वापराने मेंदूची राखीव क्षमता वाढते, असे तज्ज्ञांचे मत आहे. शिवाय चार माणसांत वावरणाऱ्याचे दुखणे लवकर लक्षात येते, हा लाभ वेगळाच.

गावोगावी पार, भजनी मंडळ, वाचनालय ही स्थाने आहेतच. नवी इमारत लागत नाही. परंतु पारावर बहुधा पुरुषच बसतात. वृद्ध स्त्रियांसाठी दुपारच्या वेळी समाजमंदिर उघडे ठेवणे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे. निवृत्त शिक्षकांनी तेथे वृत्तपत्र वाचून दाखविल्यास निरक्षरांनाही चर्चेत भाग घेता येईल. कमी ऐकू येणारी माणसे प्रथम मागे बसतात आणि पुढे येणेच सोडून देतात. त्यांना बोलावणे धाडण्यापूर्वी जवळच्या शासकीय रुग्णालयात त्यांचे कान तपासून घ्यावेत.