खडकाळ वाटेवरची सायकल

सपाट डांबरी रस्त्यावर सायकल चालविण्यास बहुतेक सर्वजण शिकतात. रानातील खडकाळ वाटेवर ती चालविणे ही मात्र निराळी विद्या आहे. तेथे पायांत बळ हवे, डोळ्यांत सावधपणा हवा आणि मनावर ताबा हवा.

मालवणच्या किनाऱ्याकडून पूर्वेस निघाले म्हणजे माडांच्या बागा हळूहळू मागे पडतात आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. पुढे सावंतवाडीहून घाट चढून गेल्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर आंबोली हे गाव येते. तेथील सड्यांवरही जांभाच पसरलेला आहे आणि भोवती दाट रान आहे. जमिनीतून काढला तेव्हा हा दगड मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज कापता येतात; वारा आणि ऊन लागले म्हणजे तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दगडाला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून ते नाव आले. कोरडा जांभा खरखरीत असतो आणि चाकाला चांगला धरून ठेवतो. परंतु पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले, की तोच दगड साबणासारखा निसरडा होतो.

अशा वाटांसाठी रुंद टायरांची, मजबूत सांगाड्याची आणि अनेक गिअरांची सायकल लागते. तिला माउंटन बाइक म्हणतात. तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन टॅमलपाइस पर्वताच्या परिसरातील कच्च्या उतारांवरून भरधाव खाली येत. उतरता उतरता ब्रेक इतके तापत, की आतील वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. जुन्या सायकली हा मार सोसण्यास अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा जो ब्रीझ या कारागिराने १९७७ साली खास डोंगरवाटांसाठी नवी सायकल तयार केली. पुढे १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळाले.

आता हा खेळ कसा खेळतात ते पाहू. पहिला नियम दृष्टीचा. समोरच्या दगडाकडे टक लावून पाहिले, की हात नकळत तिकडेच वळतात आणि चाक नेमके त्या दगडावर आदळते. म्हणून ज्या मोकळ्या जागेतून जावयाचे, तिच्याकडे पाहावे आणि नजर नेहमी बरीच पुढे ठेवावी.

दुसरा नियम शरीराचा. खडबडीत जागी बैठकीवरून किंचित उठावे, दोन्ही पायटे समपातळीत ठेवावेत आणि कोपरे व गुडघे थोडे वाकवावेत. म्हणजे दगडांचे धक्के हातापायांत जिरतात व तोल सुटत नाही. उतारावर शरीराचा भार मागे न्यावा, चढावर पुढे आणावा.

तिसरा नियम ब्रेकचा. तीव्र उतारावर केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर स्वार डोक्यावरून पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. केवळ मागचा दाबला, तर चाक घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू आणि अवघड जागा येण्यापूर्वीच दाबावेत. येथे एक हिशेब ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला, तर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होते; आणि ओल्या खडकावर ते त्याहूनही वाढते. रानातील वळणापलीकडे उभा असलेला गवा किंवा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई आपल्याला आधी दिसत नाही. ज्याला दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येत नाही, त्याचा वेग जास्त आहे असे समजावे.

आणखी एक जीव या वाटेवर असतो. जांभ्या सड्यावरील लहान लहान खळग्यांत पावसाचे पाणी साचते. पावसाळ्याच्या आरंभी या उथळ डबक्यांत आंबोलीचा भेक अंडी घालतो. हा इवलासा प्राणी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असून त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. आंबोली व तिच्या आसपासचा थोडका प्रदेश एवढेच त्याचे जगातील घर, आणि नष्ट होण्याचा अतिशय धोका असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. आपल्याला जे डबके केवळ चिखल उडविण्याची गंमत वाटते, ते त्याच्या पिलांचा पाळणा असते. एका चाकाच्या फेऱ्यासरशी तो पाळणा चिरडला जाऊ शकतो.

मग स्वाराने काय करावे? ठरलेली वाट सोडू नये. वनखात्याची मनाई असेल तेथे जाऊ नये. डोक्यावर शिरस्त्राण घालावे, सोबत जाणती माणसे असावीत. आणि डबक्यांनी भरलेला सडा लागला अथवा उतार आपल्या आवाक्याबाहेरचा दिसला, तर निमूटपणे खाली उतरून सायकल हाताने न्यावी. बरोबरीचे सोबती हसतील, तर हसोत. पडण्याची भीती जिंकणे हे धैर्य खरेच. पण हसण्याची भीती जिंकण्यास त्याहून मोठे धैर्य लागते. असा स्वार स्वतः सुखरूप घरी येतो आणि त्याच्या मागे रानही सुखरूप राहते.

स्वाध्याय
१. कोरड्या व ओल्या जांभ्या दगडात सायकलस्वाराला कोणता फरक जाणवतो?
२. ‘ज्याला दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येत नाही, त्याचा वेग जास्त आहे,’ असे लेखक का म्हणतात?
३. हसण्याची भीती जिंकावी लागली असा एखादा प्रसंग आठवून त्यावर दहा ओळी लिहा.