रुग्णशय्येपासून संशोधनापर्यंत

आमच्या हैदराबाद शहरातील नल्लकुंटा हा भाग आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. तेलुगू भाषेत 'नल्ल' म्हणजे काळे व 'कुंटा' म्हणजे लहान तळे. या वस्तीत सांसर्गिक रोगांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. जुनी माणसे त्यास 'कोरंटी दवाखाना' म्हणतात; 'क्वारंटाइन' या शब्दाचेच ते लोकांच्या तोंडी रुळलेले रूप होय. त्याच्या अधिकृत नावात मात्र 'संस्था' हा शब्द आहे, आणि आरंभी सर रोनाल्ड रॉस या संशोधकाचे नाव आहे. रुग्णालयास संशोधकाचे नाव का द्यावे? या प्रश्नाच्या उत्तरातच आमचा आजचा विषय सामावलेला आहे.

रॉस हे त्या काळच्या भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर होते. सिकंदराबाद येथे काम करीत असताना २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे परोपजीवी आढळले. हा डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेला होता. दर डासामागे त्या रुग्णास एक आणा देण्यात आला, असे सांगतात. पुढे थोड्याच दिवसांत सरकारने रॉस यांची बदली राजपुतान्यात केली आणि हाती आलेले काम खोळंबले. १८९८ साली त्यांस कलकत्त्यास खास संशोधनासाठी नेमण्यात आले. तेथे पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून, हा रोग डासाच्या दंशाने पसरतो हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेत एक बोध आहे. बुद्धी रॉस यांची होती. परंतु रुग्ण, वेतन आणि कामाची जागा ही सार्वजनिक सेवेने दिली. त्याच सेवेच्या एका आज्ञेने काम थांबले आणि दुसऱ्या आज्ञेने ते पुन्हा सुरू झाले. संशोधनास सूक्ष्मदर्शकाइतकीच मोकळ्या वेळेची व स्थिर व्यवस्थेची गरज असते.

आता नल्लकुंट्याकडे वळू. घटसर्प या रोगात घशात राखी रंगाचा पडदा धरतो व श्वास कोंडतो. जंतूंचे विष रक्तात भिनून हृदयासही इजा करते. खाजगी वैद्याकडे असा रोगी वर्षानुवर्षांतून एखादाच यावयाचा. एका रोग्यावरून उपचार करता येतो, निष्कर्ष काढता येत नाही. परंतु शहरभरातील रोगी जेथे एकत्र येतात, तेथे प्रत्येकाचे वय, वस्ती व लसीची माहिती लिहून ठेवली, तर त्या साध्या नोंदवहीतून रोगाची चाल दिसू लागते.

हैदराबादेत असेच घडले. २००३ ते २००६ या काळातील नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. घटसर्पाचे प्रमाण दर लाख वस्तीमागे ११ वरून २३ वर गेल्याचे त्यात दिसून आले. अधिक आश्चर्य हे की, तान्ह्या बालकांपेक्षा ५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींतच हा रोग सर्वांत जास्त होता. लस निकामी झाली होती काय? नाही. लस गुणकारीच होती. पण पुढचा पूरक डोस पुष्कळांनी घेतलेलाच नव्हता. हे ज्ञान नव्या औषधातून आले नाही. नीट ठेवलेल्या नोंदींतून आणि घरोघरच्या लसीकरणाच्या चौकशीतून आले.

तथापि रुग्णालयात रोगी येतो तो बरा होण्यासाठी, प्रयोगाची वस्तू होण्यासाठी नव्हे. हुसेन खानास एक आणा मिळाला. पण त्यास कितपत समजावून सांगितले गेले असेल, हा विचार आमच्या मनात येतोच. आज असे चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनास नीतिसमितीची मान्यता लागते. सहभागी होणाऱ्यास सर्व माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते. नकार दिल्यास त्याच्या उपचारात उणेपणा येता कामा नये. मूल असेल तर पालकांच्या संमतीबरोबर, ७ वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही विचारली जाते. नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सार्वजनिक नोंदणीपुस्तकात करणे २००९ पासून आवश्यक झाले आहे. गरिबाच्या शरीरावर परस्पर प्रयोग होऊ नयेत, यासाठीच ही बंधने आहेत.

विद्यार्थी मित्रहो, या कामात आपलाही वाटा आहे. घटसर्प व धनुर्वात यांवरची लस १० व्या व १६ व्या वर्षी घ्यावयाची असते. शाळेत ती देण्यास कोणी आले तर दडून बसू नये. लसीची पत्रिका जपून ठेवावी. आरोग्यसेविका दारी येऊन काही विचारील तर खरे तेच सांगावे. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे म्हणावे. एका चुकीच्या उत्तराने नोंदवही खोटी ठरते, आणि खोट्या नोंदवहीवर उभारलेले औषधोपचार पुढच्या रोग्यास बाधतात.

रोग्याने दिलेली माहिती संशोधनाच्या वाटेने पुन्हा रोग्याच्याच उशाशी उपचार होऊन परतली पाहिजे. ही परतफेड जेथे होते, तेथेच रुग्णालयास 'संस्था' हे नाव शोभते.